अण्णाची वही आणि अव्वाची मुदत

आमचे आप्पा अणदुरात औषधं द्यायचे. वैद्य म्हणावं तर त्यांच्याकडं कसली सनद नव्हती, आणि नुसता दुकानदार म्हणावं तर आजूबाजूच्या गावांतून लोक गाड्या जुंपून त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. पुढच्या खोलीत हिरडा, बेहडा, वावडिंग, सुंठ यांचे डबे आणि मधोमध लोखंडी खलबत्ता. सकाळी लिंगपूजा उरकून कपाळाला विभूती लावून आप्पा बसले की टणक-टणक सुरू व्हायचं. मागं चुलीपुढं अव्वा, म्हणजे आमची आई, भाकरी थापायला बसायची, तिचं थप-थप. पुढचा आवाज थांबला की आप्पांकडं कुणी आलंय, मागचा थांबला की अव्वा माझ्यावर ओरडणार आहे, असा माझा हिशेब होता. आता मी धाराशिवात दोन खोल्यांत राहते, गॅसवर पोळी भाजते, आणि कान अजून त्या दोन आवाजांची वाट बघतात. कानांना अक्कल कमीच असते.

आप्पांचा आवडता शब्द ‘मुदत’. तापाचं माणूस आलं की ते नाडी बघायचे, जीभ बघायचे आणि म्हणायचे, “मुदतीचा ताप हाय. सातव्या दिशी उतरंल.” सातव्या दिवशी उतरला तर आप्पांच्या हाताला गुण. नाही उतरला तर मुदत चौदाची होती. चौदाला नाही तर एकवीस. बरं झालेलं माणूस नारळ घेऊन यायचं, आणि जे बरं झालं नाही त्याच्या घरचं कुणी विचारायला यायचं नाही. आप्पा लबाड नव्हते, हे आधीच सांगते. रोग्याच्या घरी जाऊन आले की ते जेवायचे नाहीत, ताटावर बसून नुसतं पाणी प्यायचे. पण मुदत या शब्दावर त्यांचा भरवसा होता, आणि गावाचा त्यांच्यावर.

अव्वाची मुदत निराळी. आमच्या गावचा खंडोबा थंडीत नळदुर्गाला जातो, दोनेक महिने तिथं राहतो आणि ठरल्या दिवशी परत अणदुराला येतो. दोन गावांचा तसा जुना करार आहे. म्हाळसा आम्हा वाण्यांची लेक म्हणून अव्वा देवाला जावई मानायची, आणि जावयाची थट्टा करावी तशी देवाची करायची. “गेला बघ पावणचार खायाला. पर दिल्या दिशी येतोच हां, वायद्याचा पक्का हाय.” देव परत यायच्या दिवशी आमच्याकडं हुग्गी व्हायची. उखळात सडलेले गहू, गूळ, खोबरं, खसखस, वर तुपाची धार. अव्वाचं माहेर पलीकडं कानडी मुलखात. तिच्या तोंडी मराठी असायची, पण आनंद झाला किंवा जीव घाबरला की ती कानडीत शिरायची. म्हणून तिच्या मनातलं ओळखायला भाषा बघितली तरी पुरायचं.

माझा भाऊ बसवराज. घरात बसू, माझा अण्णा. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, काटकुळा, हसताना तोंडावर हात धरणारा. त्या काळी निजामाचं राज्य, वरचं शिक्षण सगळं उर्दूत. अण्णा हैदराबादला कॉलेजात होता. त्याची उर्दू इतकी चांगली झाली की आप्पा पत्र आलं की म्हणायचे, “गड्या, आमाला समजंल असं लिव्ह की.” मी मात्र गावात एका पंतोजीकडं मराठीपुरती बसलेली. उर्दू कानाला समजायची, बाजारात, चावडीत तीच ऐकलेली. पण ती लिपी माझ्यासाठी मुंग्यांची रांग होती.

एका सुट्टीत अण्णा जाड पुठ्ठ्याची एक वही घेऊन आला. त्याच्या प्रोफेसरांनी परदेशात शिकताना जर्मन भाषेतलं एक पुस्तक वाचलं होतं. ते तेव्हा इंग्रजीतसुद्धा आलेलं नव्हतं. प्रोफेसर वर्गात ते उर्दूतून सांगायचे, अण्णा उर्दूत उतरवून घ्यायचा, आणि घरी आला की चुलीपुढं बसून मला आमच्या बोलीत सांगायचा. जर्मनीतली गोष्ट इतक्या हातांतून अणदूरच्या चुलीपर्यंत आली. वाटेत किती सांडली ते कळायला मला म्हातारं व्हावं लागलं. पुस्तकाचं नाव वहीत नव्हतं. पुढं मला ते समजलं, पण इथं लिहीत नाही. माझ्यापुरती ती अण्णाची वहीच.

“गंगू, हे बघ,” तो भाकरीच्या पापुद्र्याला शेंगाची चटणी लावत म्हणायचा, “एखादी गोष्ट हजारदा खरी ठरली म्हणून ती खरी हाय असं होत न्हाय. एकदा खोटी ठरली की मात्र संपलं. म्हणून शास्त्र कशाला म्हणायचं? जे आधीच सांगतं, की बाबांनो, अमुक झालं तर मी चुकलो. तो वेशीतला जोशी काय म्हणतो? ‘लवकरच चांगले दिवस येतील.’ लवकर म्हंजी कधी? ते न्हाय सांगत. मग त्यो चुकणार कसा?”

“मग त्यो कधीच चुकत न्हाय?” मी विचारलं.

“तीच तर खोट हाय त्याच्यात. जे कधीच चुकत न्हाय ते कामाचं न्हाय.”

मला हे इतकं आवडलं की मी गावभर ते विचारत सुटले. पाटलाच्या सुनेला, पंतोजींना, कासारणीला. “मग तुमचं चुकंल कधी?” कासारणीनं अव्वाला सांगितलं, “पोरगीला आवरा, सासरी मार खाईल.” अव्वा हसली, पण त्या दिवशी वेणी घालताना केस जरा जास्तच ओढले.

व्हायचं ते एका सकाळी झालं. आप्पांनी कुणाच्या तरी पोराची मुदत चौदावरून एकवीसवर नेली, आणि ती माणसं ओट्यावरून उतरल्यावर अण्णा म्हणाला, “आप्पा, रागवू नका. ताप उतरला तर औषधाचा गुण, न्हाय उतरला तर मुदत वाढली. मग तुमचं चुकतं कधी?”

खल थांबला. अव्वाचं थापणंही थांबलं. मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसले होते. मला वाटलं, आता आप्पा बत्ता फेकून मारतात. आप्पांनी बत्ता खाली ठेवला, हात धोतराला पुसले.

“चुकतं तवा माणूस मरतं, बसू,” ते म्हणाले. “मला कळतं. तुज्या वहीला विचारायची गरज न्हाय पडत.”

अण्णानं उठून आप्पांच्या पुढ्यातला बत्ता घेतला आणि सुंठ कुटायला लागला. दुपारपर्यंत तो कुटत होता, आणि तेवढ्यात त्यांचं काय ते मिटलं. पण त्या दिवसानंतर आप्पा मुदत सांगताना जरा अडखळायचे, हे मी पाहिलंय. “सातव्या दिशी… बगू,” म्हणायचे.

पुढं दिवस वाईट आले. रझाकारांची ये-जा वाढली. संध्याकाळी दारं लवकर लागायला लागली. अण्णा कॉलेज सोडून घरी आला आणि चार दिवसांतच सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या अंगाला, जिथं निजामाविरुद्ध लढणाऱ्या आमच्या मुलखातल्या पोरांचे कॅम्प होते तिकडं जायला निघाला. देव नुकताच नळदुर्गाला गेला होता. अव्वानं धपाटे बांधून दिले. तिचे हात इतके कापत होते की गाठ मलाच मारावी लागली. अण्णानं वही माझ्या हातात दिली. “जपून ठेव. आल्यावर मागंन. अजून निम्मी सांगायची हाय तुला.” अव्वा मध्येच म्हणाली, “कवा येशील ते सांग.” अण्णा तोंडावर हात धरून हसला. “देव परत यायच्या आत येतो की.”

देव आला. अण्णा आला नाही.

त्या वर्षी हुग्गी कुणीच खाल्ली नाही. अव्वानं त्याचं ताट वाढून ठेवलं आणि म्हणाली, “ह्या वर्साचं म्हणला नसंल त्यो. वाटा बंद हायत.” वाटा बंद होत्या हे खरंच होतं. पावसाळा सरत आला तेव्हा पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, कॅम्पांतली पोरं एकेक करून घरी आली. कुणाचे गाल बसलेले, कुणी लंगडत. जो येईल त्याच्या घरी अव्वा जायची आणि विचारायची. एकानं सांगितलं, बसवराजला पहिल्याच महिन्यात दुसऱ्या कॅम्पावर धाडलं. दुसरा म्हणाला, वाटेत गोळीबार झाला होता, पण त्यात तो होता का ठाऊक नाही. तिसऱ्यानं त्याला सोलापूरच्या दवाखान्यात पाहिल्यासारखं वाटत होतं. आप्पा तिथं जाऊन आले, दवाखान्यात कुणाला काही माहीत नव्हतं. आल्यावर त्यांनी नुसतं पाणी प्यायलं, तेव्हा मी समजले. अव्वा नाही समजली. “बरतान,” ती म्हणायची. “नन्न मगा बरतान.” येईल, माझा लेक येईल. कानडी संपतच नव्हती आता. जात्यावर बसली की त्याच्याशी बोलायची, आज काय केलंय, गाय व्याली, गंगूनं दूध उतू घालवलं, अशा सगळ्या खबरा त्याला द्यायची. दुसऱ्या वर्षी देव आला, ताट वाढलं, आणि तिनं मुदत आणखी एक वर्ष पुढं नेली.

आता माझं सांगते, आणि ते सांगायला मला आवडत नाही. पंतोजींकडं शिकूनच मी मराठी सातवीची परीक्षा पास झाले होते. धाराशिवला मुलींना मास्तरणीचं शिक्षण मिळत होतं. आप्पा तयार होते. अव्वा म्हणायची, “बसू आल्यावर बगू. त्यो यील आन् घरात कुणीच नसंल, ही काय तऱ्हा?” घरातली एकही गोष्ट हलत नव्हती. त्याची खाट हलत नव्हती, खुंटीवरचा सदरा हलत नव्हता, आणि मीही त्या सदऱ्यासारखी खुंटीला टांगलेली. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना सांगत आले की मी अव्वाला अण्णाचा तो प्रश्न सत्यासाठी विचारला. खोटं आहे ते. मला घरातून सुटायचं होतं.

तिसऱ्या थंडीत देव नळदुर्गाला गेला त्याच आठवड्यात, अव्वा भाकरी थापत असताना मी विचारलं, “अव्वा, त्यो आला तर तू म्हणशील बगा आला. न्हाय आला तर म्हणशील पुढच्या वर्साला. मग त्यो न्हाय, हे तू मानशील कधी?”

माझा आवाज अण्णासारखा लागला होता, हे मला बोलतानाच कळलं. अव्वाचा हात तव्यावर तसाच राहिला. भाकरी करपल्याचा वास आला, मग मला दिसलं की तिची बोटंही तव्याला टेकलीत. मी तिचा हात ओढला. तिनं माझ्याकडं बघितलं ते परक्या बाईकडं बघावं तसं.

“बसूनं शिकीवलं व्हय हे तुला?” तिनं मराठीत विचारलं.

“व्हय.”

“मग बराबर आसंल.” ती करपलेली भाकरी उलटी करून बघत होती. “यंदा. यंदा देव यील त्या दिशी न्हाय आला, तर न्हाय.”

आप्पांनी कधी दिलं नव्हतं असं उत्तर तिनं दिलं. अक्षरओळख नसलेल्या बाईनं. मला तेव्हा विजय मिळाल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

ते दोन महिने तिनं ज्या उमेदीनं काढले ती उमेद मी पुन्हा कुठल्या माणसात पाहिली नाही. भिंती सारवल्या. सदरा धुऊन उन्हात वाळवला. गहू स्वतः उखळात सडले, मला हात लावू दिला नाही. देव यायच्या दिवशी वाजंत्री वेशीत ऐकू आली, पोरं पळाली, भंडारा उधळला, आमच्या दारापर्यंत पिवळं झालं. अव्वा दर्शनाला गेली नाही. ताट वाढून, त्यावर दुसरं ताट पालथं घालून उंबऱ्यावर बसली. येणारा-जाणारा ‘यळकोट’ म्हणायचा, ती मान हलवायची. आप्पा दोनदा म्हणाले, “दोन घास खा.” दिवस कलला. गाई परत आल्या. तेव्हा ती उठली, हुग्गीचं ताट नेऊन गाईपुढं ठेवलं, ताट घासून पुसून फळीवर पालथं घातलं, आणि खुंटीवरचा सदरा काढून घडी करून पेटीत ठेवला. मग मला म्हणाली, “तुजी ट्रेनिंग कवा सुरू हुतीया?”

ती रडली नाही, म्हणून मी रडू शकले नाही. त्या दिवसानंतर अव्वा जात्यावर गप्प दळायची. कानडी तर पूर्ण बंद झाली, मराठीही कामापुरती. मी निघाले तेव्हा धपाटे बांधून दिले. या वेळी हात कापत नव्हते, गाठ तिनंच मारली. मला ती कापणारी गाठ हवी होती.

वर्ष पुरं व्हायच्या आधी आप्पांचा निरोप आला. अव्वाला ताप होता. मी गेले तेव्हा सोळावा दिवस होता. पुढच्या खोलीत खलात धूळ बसलेली. मी घाबरून म्हणाले, “आप्पा, मुदतीचा आसंल. एकवीस दिवस बगू की.” मीच म्हणाले हे. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागावलेले नव्हते ते.

“गंगू, हिची मुदत देवाच्या दिशीच सपली,” ते म्हणाले. “तुजा सवाल खरा हुता, पोरी. पर खऱ्या औषिदाला बी माप आसतं.”

अव्वा एकोणिसाव्या दिवशी गेली. आप्पांनी त्यानंतर कुणाचीही नाडी धरली नाही. डबे वाटून टाकले. आलेल्या माणसाला म्हणायचे, “सरकारी दवाखान्यात जा बाबा, मला कळत न्हाय.”

मी शिकवत राहिले. आधी प्राथमिकला, मग पुढं शिकून हायस्कुलात विज्ञान. आमच्या शाळेत पोरं मला मागून ‘चुकेल-कधी बाई’ म्हणायची. अंगात येणाऱ्या बाईपासून निवडणुकीच्या पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो एक प्रश्न लावायला मी पोरांना शिकवलं, आणि तो लागतो. त्या प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही. चांगली सुरी आहे ती. मी मात्र कधी घरी, कुणा आजारी माणसापाशी, कुणा वाट बघणाऱ्या बाईपाशी तो काढला नाही. अव्वाची पेटी मी धाराशिवला आणली होती, वही तिच्या तळाशी, अण्णाच्या सदऱ्याखाली. उर्दू वाचणारे धाराशिवात पैशाला पासरी होते, पण मी ती कुणाला दाखवली नाही. दुसऱ्याच्या तोंडून अण्णाचे शब्द ऐकायची भीती होतीच. शिवाय त्यात काय आहे ते मला ठाऊकच आहे, अशी माझी खात्री होती. ती खात्री मी कधी तपासून बघितली नाही. आणि म्हणे विज्ञानाची बाई.

निवृत्तीच्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी, आता कॉलेजात शिकवतो, त्यानं मला एक इंग्रजी पुस्तक दिलं. “बाई, तुम्ही आम्हाला हेच शिकवलंत,” म्हणाला. दोन-चार पानांतच मी ओळखलं, हेच ते, इंग्रजीत आलेलं. शब्दकोश घेऊन वर्षभर वाचत होते. बरंचसं कळलं नाही. पण एका ठिकाणी जे कळलं ते मी तीनदा वाचलं. तिथं म्हटलं होतं, ‘अमुक गोष्ट कुठंतरी आहे’ एवढंच म्हणणारं वाक्य कधीही खोटं ठरवता येत नाही. साऱ्या जगात शोधून संपल्याशिवाय ती नाही असं म्हणताच येत नाही. अशी वाक्यं शास्त्राच्या कामाची नाहीत, पण त्यानं ती खोटीही होत नाहीत. माझा लेक आहे, कुठंतरी आहे, असं अव्वाचं वाक्य होतं. देव येण्या-न येण्याच्या दिवसाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो दिवस अण्णानं निघताना थट्टेत बांधला होता, आणि मी तो तिच्या गळ्याभोवती आवळला. अर्धवट शिकलेल्या शास्त्रानं.

मग मी पेटी उघडली. आमच्या गल्लीत सय्यद मास्तर राहायचे, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना घरी बोलावलं, चहा ठेवला, वही पुढं केली. त्यांनी चष्मा पुसला आणि हळूहळू मोठ्यानं वाचायला लागले. जोशीबुवाचा दाखला आला. मला अण्णाचा आवाज ऐकू यायला लागला. निम्मी वही झाली. पुढं जे होतं ते मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि दहा-बारा पानांवर तेच वाक्य आलं. ‘कुठंतरी आहे’ म्हणणारं वाक्य खोटं ठरवता येत नाही. तीच गोष्ट, अण्णाच्या अक्षरात, अव्वाच्या पेटीत, ती जिवंत असताना तिच्या खाटेपासून चार हातांवर.

मास्तर थांबले. वही उजेडाकडं तिरकी धरून म्हणाले, “यहाँ बाजू में पेन्सिल से कुछ लिखे हैं जी. ‘गंगू को ये बताना अभी बाकी है.’”

मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत त्यांनी सहज विचारलं, “ये गंगू कौन, बाई?”

गावात मला गंगू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, “होती एक. मास्तर, चहा घ्या, गार होतोय.”